अहो, लोखंडाला कचरा म्हणू नका!

टुंग! ऐकलंत? नाही नाही, त्याआधीचा तो खर्रर्र नव्हे, तो खिळा. टुंग! असा भरीव, गोल, दोन्ही बाजूंनी सारखा! हा आवाज हेडफोनमधून कानात शिरला ना, की माणूस कामाचा राहत नाही. माझंच बघा. बँकेच्या काउंटरमागे अर्धं आयुष्य काढलेली, गुडघ्यांना तेल चोळणारी बाई मी, आणि सध्या देवळी तालुक्यातल्या मामाच्या वावरात सकाळी सहाला हातात मेटल डिटेक्टर घेऊन उभी असते! माझ्या भाच्यानं हौसेनं मागवला, दोन दिवस फिरवला, कंटाळला आणि माळ्यावर टाकला. मी दिवाळीचे आकाशकंदील शोधायला चढले आणि खाली उतरले ती ही काठी घेऊन! आणि मग सगळंच बिघडलं!

आधीच सांगून ठेवते, मला यातलं काही कळत नाही. खरंच नाही. तुम्ही जाणकार असाल तर पान उलटा. पण तुम्ही माझ्यासारखेच कोरे असाल तर चला, चपला घाला! लोखंडी टाचा असलेले बूट मात्र नकोत, कारण यंत्र त्यांनाच शोधून काढतं. हातातलं कडंही काढून ठेवा. हसू नका! 1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, ती अंगात कुठं अडकलीय हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः असलं यंत्र घेऊन आले होते! गोळी काही सापडली नाही. एक तर डॉक्टरांनी गोळी ज्या बाजूला आहे असं धरलं होतं त्याच बाजूला बघू दिलं, आणि पलंगाच्या गादीतल्या स्प्रिंगांनीही घोळ घातला असं सांगतात. बेलसाहेबांना जे जमलं नाही ते आपल्याला पहिल्याच दिवशी जमेल, ही नवशिक्याची पहिली समजूत!

तर यंत्र काय करतं? खालच्या थाळीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातू असला की त्यात बारीक विजेचे भोवरे उठतात, आणि त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षेत्र परत वर येतं, एवढंसं उशिरा! त्या 'एवढंसं उशिरा'वरून यंत्र ठरवतं की हे चांदीसारखं आहे की लोखंडासारखं. सेकंदाच्या कितव्यातरी बारीक भागाचा उशीर! आमच्याकडे पेन्शनची फाईल वर्षभर थांबते आणि कुणाला पत्ता लागत नाही!

भाच्यानं मला इंग्लंडातले व्हिडिओ दाखवले होते. हिरवंगार कुरण, टोपीवाले आजोबा, टुंग, खणलं, रोमन नाणं! आणि प्रत्येक आजोबांचा एकच उपदेश: लोखंड म्हणजे कचरा, बटण दाबा, लोखंडाचे आवाज बंद करा. 'डिस्क्रिमिनेशन' म्हणतात त्या बटणाला. मी शहाण्या मुलीसारखं दाबलं. आणि मग वर्ध्याच्या काळ्या जमिनीवर उभी राहिले, आणि मग थाळी खाली नेली, आणि मग यंत्र असं किंचाळलं, असं किंचाळलं, की धुऱ्यावरची गाय उठून चालती झाली!

काय झालं होतं माहीत आहे? आपली जमीनच लोखंडी आहे! ही काळी कपाशीची माती बेसाल्टची, लाव्हारस थंड होऊन झालेल्या दगडाची. त्यात लोहखनिजाचे कण ठासून भरलेले. इंग्लंडातल्या कुरणात चालणारी सेटिंग घेऊन आपण इथं आलो की यंत्राला पायाखाली सगळीकडे धातूच धातू! नवशिका इथं काय करतो? संवेदनशीलता आणखी वाढवतो, म्हणजे 'जास्त खोल दिसेल'. ते तर भलतंच! आवाज दुप्पट होतो आणि डोकं चौपट दुखतं. करायचं उलटं. संवेदनशीलता उतरवायची, धातू नसलेली जागा बघायची, आणि थाळी जमिनीजवळ वरखाली, वरखाली करत यंत्राला ही माती ओळखायला लावायची. 'ग्राउंड बॅलन्स' म्हणायचं याला. आणि मग एका क्षणी किंचाळणं थांबतं! गप्प! एवढी मोठी काळी जमीन, आणि यंत्र तिला ओळखीचं मानून गप्प बसतं! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याही. मामा धुऱ्यावरून बघत होते.

"काय वं बाई, जमिनीले इस्त्री करून रायली का?"

आणि मामांना वाटलं त्यांनी टोमणा मारला, पण हेच तर हवं असतं! थाळी इस्त्रीसारखी जमिनीलगत, सपाट, सावकाश! नवशिके ती झोक्यासारखी फिरवतात, टोकाला गेली की वर उचलतात, आणि उचलली की खोली गेली. नाणं खोल म्हणजे किती? फार तर वीतभर, ते नशीब चांगलं असेल तर! त्यात थाळी चार बोटं वर उचलली की उरलं काय? दोन फेऱ्यांमधे जागा सोडायची नाही हेही आलंच. मामींनी अंगण सारवलेलं बघत मी मोठी झाले आणि हे मला यंत्राच्या पुस्तिकेतून शिकावं लागलं!

मग सुरू झाले शोध. अहो काय एकेक वस्तू! फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरची चंदेरी सीलं, कपाशीच्या वावरात ही इतकी असतात, इतकी असतात! आवाज मात्र काय गोड! तारेचे तुकडे. गोळ्यांच्या पाकिटाचं चुरगळलेलं पान. ट्रॅक्टरची पिन! ती मिळाल्यावर मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे आदरानं पाहिलं, कारण तिच्यासाठी त्यांनी मागच्या हंगामात सालदाराला बोल लावला होता. पडद्यावर प्रत्येक वस्तूचा एक आकडा येतो, आणि नवशिका त्या आकड्याला ज्योतिषाच्या कुंडलीसारखं मानतो. नका मानू! सील तिरपं पडलं की आकडा वेगळा, ओल असली की वेगळा, शेजारी खिळा असला की तिसराच. आकडा बघू नये असं नाही, पण कान आधी. दोन दिशांनी फिरवून बघायचं, मग आडव्या दिशेनं. चारी बाजूंनी तोच टुंग आला तर खुरपं काढायचं.

आणि आता ऐका, ऐका, हे ऐकाच! घरी आले आणि अंगणात एक छोटी शाळा मांडली. माहीत असलेल्या वस्तू माहीत असलेल्या खोलीवर पुरायच्या आणि त्यांचे आवाज पाठ करायचे. देव्हाऱ्यातला जुना तांब्याचा पैसा पुरला, टुंग. अॅल्युमिनियमचे जुने पाच पैसे, ते चौकोनी, आठवतात ना? टुंग! मग एक रुपयाचं नाणं पुरलं. गप्प. परत फिरवलं. गप्प! बटण बदलून बघितलं, तर कधी खर्रर्र, कधी उड्या मारणारे आकडे. मी आत गेले, फ्रीजवरचा चुंबक आणला, नाण्याला लावला, आणि रुपया चटकन चिकटला!

चिकटला! आयुष्यभर नाणी मोजली हो मी, पोतीच्या पोती, आणि मला हे माहीत नव्हतं! 1992पासूनचा तो लहान रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे, आणि ते स्टील कसलं, तर 83 टक्के लोखंड आणि 17 टक्के क्रोमियम! पंचवीस पैसेही तसलेच. म्हणजे इंग्लंडातल्या आजोबांचं ऐकून लोखंड बंद केलं की भारत सरकारचा रुपयाच बंद! यात्रेच्या मैदानावर, एसटी स्टँडमागच्या मातीत लोक नाणी शोधत फिरतात आणि यंत्र त्यांना सांगतं की इथं काही नाही. मला इतकं हसू आलं की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

तेव्हापासून माझं लोखंडाबद्दलचं मतच फिरलं. आणि मग मी वाचायला लागले, आणि मग कळलं की आपल्या विदर्भात तर खरा खजिनाच लोखंडाचा आहे! इथं शिळावर्तुळं आहेत, मोठाल्या दगडांचे गोल, खाली माणसं पुरलेली. आपल्या जिल्ह्यात खैरवाड्याला आहेत, नागपूरकडे जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट. त्यांत काय निघालं? लोखंडी कुऱ्हाडी! खंजीर! घोड्यांच्या तोंडातल्या लगामाच्या लोखंडी कड्या! आणि नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी! म्हणजे ज्या 'खर्रर्र'ला आजोबा कचरा म्हणतात, तो आवाज इथं कुणाच्या तरी घोड्याचा असू शकतो! अंगावर काटा आला की नाही?

आला ना? मग आता यंत्र घेऊन तिकडे धावायचं नाही! हीच सगळ्यांत मोठी चूक, आणि मीही मनातल्या मनात पवनारपर्यंत धावून आले होते, म्हणून दटावून सांगते. पवनार! वर्धा-नागपूर रस्त्यावर, धाम नदीकाठी. वा. वि. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच असं मांडलं, आणि 1967 साली नागपूर विद्यापीठानं, देव आणि ढवळीकर यांनी, तिथं उत्खनन केलं. आणि विनोबा! विनोबा 1938 साली पवनारला आले, शेत खणायला लागले, आणि जमिनीतून काय निघालं तर राम-भरत भेटीचं शिल्प! आणि त्यांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना नेमकं राम-भरत भेटीच्या चित्राचंच वर्णन केलं होतं! यंत्र नाही, हेडफोन नाही, नुसती कुदळ! आणि पुढे त्याच जागी या माणसानं कांचनमुक्तीचा प्रयोग केला, पैशाशिवाय जगायचा! सोनं शोधायचं यंत्र घेऊन त्या रस्त्यानं जायचं म्हणजे, जाऊ दे, मला तर बसल्या जागी लाजल्यासारखं झालं.

पण लाजेचं सोडा, कायदा बघा. संरक्षित स्मारकाच्या जागी परवान्याशिवाय खणायचं नाही, हे 1958च्या कायद्यात आहे. आणि दुसरा एक त्याहून गमतीचा, 1878चा, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट, अजून चालू! जमिनीत दडलेली वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, काय सापडलं, कुठं, कधी. दहा रुपये! राणी व्हिक्टोरियाच्या काळातले दहा रुपये तेव्हा मोठी रक्कम, आज देवळीच्या टपरीवर एक कट चहा! नाही कळवलं तर वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि आपला वाटा गेला तो वेगळाच. मालक कुणी निघालाच नाही, सरकारनंही ठेवून घेतलं नाही आणि जमीनमालकाशी काही ठरलेलं नसलं, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. मामा पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "सोनं भेटलं तं अर्धं माह्यं." अर्धं नाही मामा, पाव! मी त्यांना कलम वाचून दाखवलं. त्या दिवशी चहा उशिरा आला.

आणि हे कळवणं म्हणजे नुसती कटकट नाही हो. 1906 साली नाशिककडे जोगळटेंभीला नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून जास्त! त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा आपला ठसा मारलेला. एकानं दुसऱ्याला हरवलं हे नाणीच सांगतायत! पण ती ढीगभर एकत्र राहिली म्हणून सांगतायत. कुणी मूठमूठ वाटून घेतली असती, सराफाकडे वितळली असती, तर? आपल्या वऱ्हाडात 1939 साली तऱ्हाळ्याला निघालेल्या सातवाहन नाण्यांमुळे तर काही राजांची नावं पहिल्यांदा कळली. नाणं उपटून खिशात घातलं की त्याचा शेजार संपला, आणि शेजार संपला की ते बोलायचं थांबतं.

अजून दोन गोष्टी, भराभर. एक, संध्याकाळी जायचं नाही. आपल्याकडे अंधारात खुरपं घेऊन वाकलेला माणूस दिसला की गाव एकच शब्द म्हणतं: गुप्तधन! पायाळू माणूस, मांत्रिक, लिंबू, नको नको ते सगळं त्या शब्दामागे येतं, आणि त्यापायी माणसं जिवाला मुकलीत. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा काही उगाच नाही झाला. तेव्हा उजेडात जायचं, वावराच्या मालकाला विचारून, चार लोकांना सांगून.

दुसरी गोष्ट सांगताना मात्र मी हसत नाही. आमच्या तालुक्यात पुलगावला दारूगोळ्याचं मोठं भांडार आहे. 20 नोव्हेंबर 2018ला सोनेगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा माणसं गेली. त्या पट्ट्यात यंत्र न्यायचंच नाही. आणि कुठंही, अगदी कुठंही, जाड गंजलेलं नळकांडं दिसलं तर हात लावायचा नाही, खुरपं बाजूला ठेवायचं, मागे फिरायचं आणि पोलिसांना सांगायचं. लोखंडाला कचरा म्हणू नका म्हणते ना मी, ते यासाठीही.

बरं. मग राहिलं काय? सगळं तर मना झालं! अहो, राहिलं की वावर! मामाचं, सात-बाऱ्यावर मामाचंच नाव असलेलं, पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेलं साधं वावर! आणि त्यात मामींचं जोडवं! निंदणाला गेल्या होत्या पावसाळ्यात, चिखलात पाय रुतला, वर काढला तर एक बोट मोकळं. चांदीचं, लग्नातलं. मामी काही बोलल्या नव्हत्या, पण मी यंत्र घेऊन आल्याच्या दिवशी त्यांनी मला नेऊन दाखवलं, "इथपासून त्या बोरीपर्यंत कुठंतरी."

मी त्या पट्ट्यावर सकाळमागून सकाळ घालवली. चांदीचा आवाज मला पाठ होता, अंगणातल्या शाळेत मामींच्याच पायातलं दुसरं जोडवं घेऊन पाठ केला होता! काही नाही. सीलं, सीलं, तार, सील. आणि मग एकदा भेगांकडे लक्ष गेलं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वर पडलेली वस्तू त्या भेगेतून खाली उतरते! पुन्हा पाऊस, पुन्हा भेग मिटली! जमीन वस्तू गिळते हो, अक्षरशः! म्हणजे जोडवं खोल गेलं असणार. मग चाल आणखी कमी केली, आणखी सावकाश. तरी काही नाही.

आणि मग मला तो रुपया आठवला! मी लोखंड बंद करून फिरत होते! सवयीनं, आजोबांच्या सवयीनं! आणि याचं एक लफडं असतं बरं का: चांदीच्या शेजारी लोखंड पडलेलं असलं की यंत्राला दोघांचा मिळून एकच गोंधळ ऐकू येतो, आणि लोखंड गप्प करायला सांगितलंत की ते चांदीलाही सोबत गप्प करतं. मी बटण उघडलं. सगळं लोखंड बोलायला लागलं! खर्रर्र इकडे, खर्रर्र तिकडे, कान किटले. आणि बोरीच्या अलीकडे एक खर्रर्र असा आला की त्याच्या शेपटीला बारीकसं काहीतरी. टुं. अर्धंच! बाजू बदलली, परत आला. थाळी बोटभर सरकवली, अजून बारीक, पण आहे! आहे! मामा, या!

खणायचं कसं तेही सांगते, कारण इथं घाईनं वस्तू कापली जाते. आधी आवाजाचा मध्य आडव्या-उभ्या फेऱ्यांनी पक्का करायचा. मग खुरपं मध्यावर नाही, चार बोटं बाजूला. मातीचं ढेकूळ अखंड उचलायचं, फडक्यावर ठेवायचं, खड्ड्यावर पुन्हा यंत्र फिरवायचं. पहिल्या ढेकळातून निघाला डवऱ्याच्या पासेचा गंजका तुकडा. मामा म्हणाले, "झालं, लोखंडच आहे." नवशिका इथंच खड्डा बुजवतो! मी पुन्हा थाळी धरली. टुंग!

अख्खा! गोल! स्वच्छ! भेगेच्या कडेला, मातीनं बुजलेलं, काळं पडलेलं, वाकडं झालेलं, पण जोडवं! मी ओरडले, मामा ओरडले, मामी चुलीपाशी होत्या त्या पदराला हात पुसत धावत आल्या आणि जोडवं हातात घेऊन पहिलं काय म्हणाल्या? "खड्डा बुजव आधी, बैलाचा पाय जाईल!"

बुजवला. प्रत्येक खड्डा बुजवायचाच, सीलाचासुद्धा. सीलं परत टाकायची नाहीत, पिशवीत भरून न्यायची, नाहीतर उद्या आपल्यालाच तीच पुन्हा टुंग करतात.

आणि आता गावात कळलंय! तुम्हाला कल्पना नाही काय चाललंय! एका काकूंची बुगडी, कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीची चावी, एका पोराच्या कमरेच्या करदोट्यातली चांदीची पेटी, सगळ्यांच्या ऑर्डरी माझ्याकडे! पारावरचे एक आजोबा रोज विचारतात, "बाई, यानं बोरले पाणी लागते काय ते समजते काय जी?" नाही समजत आजोबा! नाही म्हणाले तरी त्यांचा विश्वास बसत नाही, त्यांना वाटतं मी लपवतेय. भाचा आता यंत्र परत मागतोय. देणार नाही!

तुम्ही येताय का? रविवारी सहाला, नऊनंतर वर्ध्याचं ऊन उभं राहू देत नाही. पाण्याची बाटली प्लॅस्टिकची आणा, खुरपं मामांकडे आहे, मोबाइल खिशात नको, तो जवळ आला की यंत्राला नुसते भ्रम होतात. बुगडीवाल्या काकूंचं वावर मोठं आहे, तीन एकर, मला एकटीला मृग लागायच्या आत होणार नाही. आणि हो, चुंबक आणा, फ्रीजवरचा चालेल!